घोडीवर घोडी

माझ्यावर संशय घेणाऱ्यांना एका रांगेत उभं केलं, तर रांगेचं एक टोक शहाद्याच्या बाजारात निघेल आणि दुसरं तापीच्या पाण्यात पाय बुडवून उभं असेल. आणि रांगेत पहिली कोण? माझी सख्खी वहिनी, गजराबाई! परका माणूस बोलला तर मी दोन शिव्या हासडून मोकळा होतो. पण जी लग्न होऊन घरात आली तेव्हा मी चड्डीशिवाय हिंडत होतो, जिनं मला न्हाऊमाखू घातलं, स्वतःच्या आधी मला वाढलं, तिनं माझ्याकडं चोराकडं बघावं तसं बघायचं, याला काय म्हणावं? आठवलं तरी डोकं भणभणतं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. आम्ही कळसाडीचे पाटील. कापसाची शेती, घरी बैलजोड्या, आणि माझ्या थोरल्या भावाची, भिलादादाची एक घोडी. सोनी तिचं नाव. काठेवाडी जात, कानांची टोकं एकमेकांना टेकलेली, छातीवर केसांचा देवमण भोवरा. हा भोवरा असला की घोड्याच्या बाकीच्या सगळ्या खोडी माफ, असं आमच्याकडं मानतात. दादा तापानं गेला तेव्हा वहिनीच्या मागंपुढं मूलबाळ नव्हतं. राहिली ती सोनी. वहिनी दिवस कलला की ओट्यावर येऊन हाक मारायची आणि तिला बाजरीची भाकरी हातानं भरवायची. जेवायला बसलेला मी दिसलो नाही तरी चालायचं, सोनी दिसायला पाहिजे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडं तापीच्या कोरड्या पात्रात घोडी पळवतात. बायका काठावर झोके खेळतात, गाणी म्हणतात, ढोल वाजतो. वाळूतून निघायचं, लांब रोवलेल्या झेंड्याला वळसा घालायचा आणि परत यायचं. साधी शर्यत असली तर नारळ आणि फेटा. पण कुणी चारचौघांत ‘घोडीवर घोडी’ म्हणाला, तर हरणाऱ्यानं आपलं जनावर लगामासकट तिथल्या तिथं जिंकणाऱ्याच्या हातात द्यायचं. नाही म्हणायची मुभा आहे म्हणा, पण मग पुढं जन्मभर मिशीला हात लावायचा नाही.

दादा गेल्यानंतरच्या पहिल्याच आखाजीला नदीपल्याडचा पितांबर पाटील मला सगळ्यांदेखत तसं म्हणाला. मी वहिनीकडं बघितलं.

“पळू दे घोडी,” वहिनी म्हणाली. “तुन्हा भाऊ कधी मांगे सरकना नही.”

मी अंगानं काडी, म्हणून दादा होता तेव्हापासून घोडीवर मीच बसायचो. झेंडा वळून परत निघालो तेव्हा पितांबरचा घोडा मागं राहिला होता. शर्यत खिशात होती हो! आणि काठावरच्या मोठ्या चिंचेसमोर आल्यावर सोनीनं एकदम डावीकडं मान टाकली. चाल तुटली. मी लगाम ओढला, टाच मारली, ओरडलो. तिला सरळ करेपर्यंत पितांबरचा घोडा पुढं निघून गेला.

सोनी गेली. पितांबरनं तिला नदी उतरवून नेली तेव्हा ती मागं वळून वळून बघत होती. वहिनी रडली नाही. माझ्याकडं तेवढं बघितलं, आणि त्या दिवसापासून ते बघणं काही थांबलं नाही.

सोनीनं मान का टाकली? मला ठाऊक असतं तर मी गप्प बसलो असतो काय! मी ज्याच्या त्याच्यावर संशय घेतला. चाऱ्यात अफू घातली असेल. नालात खिळा वाकडा ठोकला असेल. आमचा म्हातारा सालदार गडी वाहरू पितांबरच्या गावचा जावई, त्यानं काही केलं असेल. पण लोकांना इतका विचार करायची गरजच पडली नाही. घोडीवर कोण होता? गिरधर, म्हणजे मी. लगाम कुणाच्या हातात? गिरधरच्या. झालं!

त्यात भर म्हणून पेरण्या आटोपल्यावर पितांबरच्या भावाच्या पोरीचं स्थळ मला सांगून आलं. आता बोला! पोरगी चांगली, घर चांगलं, आणि मी हो म्हणालो असतो तर घोडी हरल्याचं बक्षीस म्हणून बायको मिळाली असं अख्ख्या तालुक्यानं म्हटलं असतं. मी नाही म्हणालो. तर लोक म्हणाले, बघा किती पोहोचलेला आहे, दाखवायला नाही म्हणतोय.

वहिनीला दुसरं काही सुचत नव्हतं. “माले मन्ही सोनी पाहिजे. बाकी माले काही सांगू नको.”

पितांबरकडं माणूस पाठवला. मागशील ते देतो, घोडी परत दे. त्यानं निरोप दिला, घोडीवर घोडी खेळून आणली आहे, घोडीवर घोडीच परत जाईल. म्हणजे आम्हाला सोनीपेक्षा जोरात पळणारं जनावर पाहिजे होतं. आणि सोनीपेक्षा जोरात पळणारं जनावर आमच्या पंचक्रोशीत तरी कुठं होतं?

मार्गशीर्षात सारंगखेड्याची दत्ताची जत्रा भरली. घोड्यांचा बाजार तो. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी, सगळी जनावरं रांगेनं बांधलेली. मी आणि वहिनी बैलगाडीनं गेलो. वहिनी विधवा बाई, घोडेबाजारात काय करते, असं पुटपुटणारे होतेच. पण वहिनीच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती.

तिथं शहाद्याचा कापसाचा व्यापारी जवरीलाल भेटला. आमचा कापूस वर्षानुवर्षं त्याच्याकडंच जायचा. हात धरून मला रांगेच्या टोकाला घेऊन गेला.

“पाटील, एक चीज दाखवतो,” म्हणाला. “मुंबईच्या रेसची घोडी आहे. आई बी विलायती, बाप बी विलायती. दुसऱ्या रक्ताचा थेंब नाही.”

बघतो तर काय! लांब पायांची, तांबडी, कातडी इतकी पातळ की खाली शिरा दिसाव्यात. कान सरळ उभे, आमच्या घोड्यांसारखे वळलेले नाहीत. आणि सगळ्या अंगावरचे केस कातरलेले. डोक्यापासून शेपटीपर्यंत, बोडकी!

भोवती ही गर्दी. पण बोली करायला एक माणूस पुढं येत नव्हता. आमच्याकडं घोडं घेताना आधी दात बघतात आणि मग केसांतले भोवरे. डोळ्याखाली भोवरा असला तर मालक रडतो, मानेवर नागिणीसारखा भोवरा असला तर घर बसतं, असं मानणारी माणसं आम्ही. आणि इथं तर वाचायला केसच ठेवले नव्हते.

“केस का बरं कापात?” गर्दीतून एकानं विचारलं.

“मुंबईत थंडीत असेच कातरतात,” जवरीलाल म्हणाला. “घाम लवकर सुकतो, घोडं हलकं राहतं.”

“डोंबलाचा घाम!” दुसरा म्हणाला. “भोवरा दपाडेल शे.”

सगळ्यांनी माना हलवल्या. भोवरा लपवलाय. नाहीतर कोण शहाणा जनावर भादरतो? मलाही ते पटलं, खोटं कशाला सांगू. शिवाय जवरीलाल हे जनावर आम्हालाच का दाखवतोय? मुंबईच्या शेठला रेसचा कंटाळा आला, म्हणून त्यानं घोडी आगगाडीनं दोंडाईच्याला पाठवून दिली, असं तो सांगत होता. शेठ लोकांना चांगल्या घोडीचा कंटाळा कसा येतो? आणि पितांबरचा कापूससुद्धा जवरीलालच घेतो. कुठंतरी पाणी मुरत होतं.

मी दात बघितले. कोवळं जनावर, तिसरं वर्ष नुकतंच लागलेलं. पाय चाचपले. खुरं उचलून बघितली, तर कागदासारखे पातळ नाल. मग जत्रेच्या मागच्या मोकळ्या रानात तिच्यावर बसलो.

बसलो आणि काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. सोनी पळायची तेव्हा तिचे पाय मोजता यायचे. ही पळाली तेव्हा खाली जमीन आहे की नाही हे कळेना. तोंड उघडलं तर श्वास घेता येईना. आणि थांबवू म्हटलं तर थांबेना! पार जोंधळ्याच्या शेतात जाऊन उभी राहिली. मी एकटाच वेड्यासारखा हसत होतो.

परत आलो तर वहिनी घोडीकडं बघतच नव्हती, माझ्याकडं बघत होती.

“तुले इतला आनंद कसाना व्हयना?” तिनं विचारलं.

आता आनंदाचाही हिशोब द्या!

जवरीलालनं भाव करायला रुमालाखाली माझी बोटं धरली, मी त्याची धरली, आणि सौदा झाला. किमतीपोटी त्या वर्षीचा आमचा सगळा कापूस त्याच्या वखारीत गेला. घोडीचं मुंबईचं इंग्रजी नाव आमच्या जिभेवर बसेना, म्हणून तिला सगळे मुंबईवाली म्हणू लागले.

मुंबईवालीनं आमचा जीव नकोसा केला. माशी बसली तरी कातडी थरथरायची. आमची बाजरी हुंगून तोंड फिरवायची, हरभरा भिजवून दिला तर खायची. आणि मोकळ्या वाळूत सोडली की वाकडीतिकडी पळायची, दारू प्यायल्यासारखी. मी चक्रावलो. इतकी जोरात पळणारी घोडी सरळ का पळत नाही? मग एकदा निवडुंगाच्या कुंपणाशेजारून जाताना ती आपसूक सरळ झाली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुंबईत रेसच्या मैदानाला कठडा असतो म्हणे. लहानपणापासून ती कठड्याच्या कडेनं पळायला शिकलेली. शेजारी काहीतरी आडवं लागतं तिला. म्हणून मी तिला रोज कुंपणाच्या पलीकडून पळवू लागलो.

तर गावात काय चर्चा? गिरधर घोडीला कुंपणाआड नेतो. चोरून काय करतो कुणास ठाऊक!

महाशिवरात्रीपर्यंत घोडीचे केस परत आले. आणि गावातली यच्चयावत माणसं भोवरा बघायला आमच्या गोठ्यात. डोळ्याखाली बघितलं, मानेवर बघितलं, पोटाखाली वाकून बघितलं. कपाळावरचा एक साधा भोवरा सोडला तर काही नाही. मला वाटलं, चला, एक तरी संशय मिटला. कसचं काय! एक म्हातारा चष्मा पुसत म्हणाला, “दिसत नही म्हणजे जायी टाका व्हई.” जाळून टाकला असेल! अरे बाबा, असला तर लपवला, नसला तर जाळला. या लोकांना देवानं स्वतः येऊन सांगितलं तरी ते देवाचे दात बघतील.

वहिनीनं वाहरूला माझ्यासमोर बोलावून सांगितलं, “वाहरूबाबा, घोडीवर ध्यान ठेवा. नि घोडीवर बसस त्यान्हावर बी.”

म्हणजे ज्याच्यावर माझा संशय, तोच माझ्यावर राखण! वाहरू माझ्या मागं मागं हिंडायचा आणि मी वाहरूच्या हातांकडं बघत राहायचो. दोघंही एकमेकांवर नजर ठेवून असल्यानं घोडीला पाणी पाजायचंच राहिलं, असंही एकदा झालं.

आखाजीला घोडीवर घोडी खेळायचं, असा निरोप मी पितांबरला पाठवला. मुंबईवालीचं नाव ऐकून तो बिचकला होता, पण भोवरा जाळल्याची गोष्ट नदी ओलांडून त्याच्यापर्यंत पोहोचली होती. शिवाय वाळू जड, झेंड्याचा वळसा आखूड, आणि त्यातलं मुंबईच्या घोडीनं काही बघितलेलं नाही, हे त्यालाही कळत होतं. त्यानं होकार दिला आणि सांगितलं, मी सोनीच पळवणार. आमच्या घोडीसमोर आमचीच घोडी. बघा, माणूस किती पाताळयंत्री!

आणि एवढ्यावर तो थांबला नाही. आखाजीच्या आदल्या बाजाराला शहाद्याला भर रस्त्यात मला बघून दोन्ही हात पसरून आला.

“या जावईबापू!” असं ओरडून त्यानं मला कडकडून मिठी मारली. कानात काही बोलला नाही, नुसता ओठ हलवत राहिला, म्हणजे बघणाऱ्यांना वाटावं की काहीतरी ठरतंय. मी त्याला ढकलला. पण जवरीलालच्या दुकानातून सगळ्यांनी बघितलं होतं, आणि वहिनीही तिथंच सरकी तोलून घेत होती.

घरी आल्यावर तिनं सरकीचं पोतं उतरवून घेतलं. मग म्हणाली, “मी देखं.”

“वहिनी, त्यानं मुद्दाम केलं. तुम्ही मला घोडीवरून उतरवावं म्हणून केलं.”

“कशावरून?”

“माझी आण घ्या.”

“तुन्ही आण मी मांगना वरीसले बी लिधी व्हती.”

दुसऱ्या दिवशी तिनं गावातल्या दुसऱ्या एकाला घोडीवर बसवून बघितलं. मुंबईवालीनं त्याला कुंपणावर फेकलं. निवडुंगावर! त्याचे काटे काढायला दोन बाया बसल्या होत्या. मी हसलो नाही. वहिनीला दुसरा इलाज नव्हता म्हणून तिनं मला ठेवलं, विश्वास होता म्हणून नाही. आता सोनीला घेऊन घरी आलो तरच मी या घरात मान वर करून जेवणार होतो. नाहीतर कळसाडीत माझं काही उरलं नव्हतं.

आखाजीचा दिवस. उन्हं तापायच्या आत शर्यत. नदीचं पात्र माणसांनी भरलेलं, काठावर झोके, बायकांची गाणी, ढोल. पंच म्हणून धुडकूबाबा बसलेले. दोन्ही तीरांवर त्यांचा शब्द चालायचा. वहिनी चिंचेखाली बायकांत उभी होती. सोनीवर पितांबरचा गडी उखा बसला होता. तिला वर्षानं बघितली मी. बरी ठेवली होती, अंग तुकतुकीत होतं. तिनं मला ओळखलं, कान पुढं केले. मला तिच्याकडं बघवेना.

धुडकूबाबांनी रुमाल टाकला आणि मुंबईवाली सुटली. लोकांचा आवाज एकदम बंद झाला, तेवढं मला कळलं. असलं काही त्यांनी आयुष्यात बघितलेलं नव्हतं. झेंड्यापाशी आम्ही पोहोचलो तेव्हा सोनी बरीच मागं होती.

पण झेंड्यापाशीच घोटाळा झाला. सोनी आखूड वळली, जागच्या जागी, आमच्या घोड्यांची खासियतच ती. मुंबईवालीला वळायचं म्हणजे मैदानभर वळसा लागतो. मी लगाम ओढतोय आणि ही बया पार पाण्यापर्यंत गेली! मी तिला फिरवून आणेपर्यंत सोनी परतीच्या वाटेला लागली होती. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी घोडीला काठाच्या बाजूला घातली, म्हणजे दरडीचा तिला कठडा वाटेल. तसंच झालं. सरळ झाली आणि वाळू उडवत निघाली. सोनीची शेपटी जवळ आली. मग उखाची पाठ जवळ आली. पण चिंच आली होती आणि चिंचेपासून शेवटची रेघ फार लांब नव्हती. मला कळून चुकलं की आता पुरणार नाही. गेली सोनी. दुसऱ्यांदा गेली, आणि या खेपेला मुंबईवालीही तिच्यासोबत जाणार.

तेवढ्यात काठावरून हाक आली.

“आव व सोनी! आव मन्ही माय, आव!”

वहिनीचा आवाज. ढोल, बायकांचा गलका, सगळ्यांवर चढलेला. आणि माझ्या डोळ्यांसमोर सोनीनं डावीकडं मान टाकली.

तीच मान. तशीच. त्याच चिंचेसमोर. गेल्या वर्षी मी त्या मानेच्या मागं बसलेलो होतो, आणि हाच आवाज माझ्याही कानावर आला होता. वहिनी आपल्या घोडीला जोर देतेय, असं मला वाटलं होतं! वर्षभर मी अफू शोधली, खिळा शोधला, त्या गरीब वाहरूच्या मागं लागलो. सोनी तर भाकरीला बोलावल्यावर ओट्याकडं निघावी तशी निघाली होती. तेव्हा मी तिला कसंबसं आवरलं होतं. उखाला ती आवरली नाही. त्यानं चाबूक मारला, शिव्या घातल्या. सोनी रेघ सोडून दरड चढली आणि वहिनीच्या पदरात तोंड खुपसून उभी राहिली.

मुंबईवाली शेवटच्या रेघेवरून एकटीच गेली.

मग जो कल्लोळ झाला! पितांबर धोतराचा सोगा सावरत धुडकूबाबांकडं धावला.

“बाईनी हाक मारी! मन्ही घोडी बलाई लिधी! ही काय शर्यत शे?”

उखाला विचारलं. तो घाबरलेला. “माले काय माहीत! घोडी मन्हं आयकेच ना,” एवढंच म्हणाला. बायकांना विचारलं. त्या सगळ्या एका सुरात म्हणाल्या, आम्ही तर गाणं म्हणत होतो. इकडचे लोक ओरडत होते शर्यत जिंकली, तिकडचे ओरडत होते फसवणूक. काठ्या बाहेर निघायच्या बेतात होत्या.

धुडकूबाबांनी हात वर केला. नियम त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगितला. काठावरून कुणी जनावराला बोलावलं किंवा बिचकवलं तर शर्यत बाद. शर्यतीआधी जे जनावर ज्याचं, ते त्याचं. म्हणजे हाक खरी ठरली तर सोनी पितांबरची.

“गिरधर,” ते म्हणाले, “चिंचेपाशी तूच होतास. तुझ्यावर लोक काय काय बोलतात ते माझ्या कानावर आहे. पण तापीमायच्या पाण्यात उभा राहून तू खोटं बोलणार नाहीस. ये इकडं. बाईनं हाक मारली का?”

मी पाण्यात उतरलो. घोट्याएवढं पाणी. ओंजळीत पाणी घेतलं.

आणि मला काय सुचलं माहिती आहे? हो म्हणावं. हो म्हणावं, आणि वर सांगावं की गेल्या वर्षीही हिनंच हाक मारली होती. इथंच, याच जागी. मग कोण माझ्यावर बोट ठेवेल? अख्खा तालुका समोर बसलाय, एका वाक्यात मी स्वच्छ. मान वर करून गावात फिरेन. स्थळं येतील. वाहरू माझ्या मागं फिरायचा बंद होईल. वर्षभर गिळलेलं सगळं ओकून टाकायची वेळ आली होती आणि शब्द अगदी ओठावर होते.

मी वर काठाकडं बघितलं. वहिनीचं इकडं लक्षच नव्हतं. सोनीच्या कपाळाला कपाळ लावून ती उभी होती आणि रडत होती. दादा गेला तेव्हा रडली नव्हती तेवढी. घोडीच्या कानात काहीतरी सांगत होती. हिला आता सांगायचं, की दादाची घोडी तूच घालवलीस? आणि ती पुन्हा घेऊन चाललेत, ती दे?

“मी काही ऐकलं नाही,” मी म्हणालो आणि ओंजळ सोडली.

धुडकूबाबांनी बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघितलं. मग त्यांनी उखाला खूण केली आणि त्यानं सोनीच्या पाठीवरचं खोगीर काढून घेतलं.

आम्ही कळसाडीच्या वाटेला लागलो. वाहरू गाडी हाकत पुढं. मागं मी, एका हातात मुंबईवाली, दुसऱ्या हातात सोनी. वहिनी गाडीत बसली नाही, सोनीच्या मानेवर हात ठेवून चालत राहिली. मला इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू. वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. फार नको. ‘गिरधर, जेवायला लवकर ये’ एवढं म्हणाली तरी बास.

कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेल्या शेताशी आल्यावर ती बोलली.

“गिरधर, मी हाक मारी व्हती.”

“हो वहिनी.”

“तू आयकी?”

“ऐकली.”

“नि तापीमायमा उभा ऱ्हाईसन तू नही म्हणना.”

“हो,” मी म्हणालो. मला हसू येत होतं. मी तिच्याकडं बघितलं.

वहिनी थांबली. माझ्या तोंडाकडं ती बघत होती, तेच वर्षभराचं बघणं, फक्त आता त्यात जराही शंका उरली नव्हती.

“जीभ बी अटकनी नही तुन्ही,” ती म्हणाली. “इतलं गोड खोटं बोलता येस तुले. मंग मांगना वरीसले बी तू मन्हासमोर असंच बोलना व्हशी.”

मी तोंड उघडलं. सोनीनं तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवली होती आणि डोळे मिटले होते. मी तोंड मिटलं.

वहिनीनं माझ्या हातातून सोनीचा लगाम काढून घेतला. पुढं वाहरूला हाक मारून सांगितलं, या घोडीला आजपासून चारा-पाणी मीच करीन, गिरधरला तिच्याजवळ जाऊ देऊ नका. वाहरूनं मान डोलावली आणि मागं वळून माझ्याकडं बघितलं.

मी मुंबईवालीला घेऊन त्यांच्या मागून चालत राहिलो.